सावली पायाखाली येते तेव्हा

जुलैच्या शेवटी, झड लागलेल्या एका सकाळी आत्याला डोळे दाखवायला नागपुरात धंतोलीला घेऊन गेले. दवाखान्याच्या पायऱ्यांवर छत्र्यांचं पाणी ओघळत होतं, आत ओल्या चपलांचा आणि फिनेलचा वास मिसळला होता. आत्याच्या डाव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूनं, एक गुलाबीसर त्रिकोणी पापुद्रा बुबुळाकडे सरकत आला होता. गावात सगळे त्याला ‘डोळ्यात मास वाढलं’ म्हणायचे आणि मास वाढण्याला वयाखेरीज काही कारण असतं असं कोणाला वाटत नव्हतं. डॉक्टरांनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली, दिव्याची उभी फट डोळ्यावरून इकडून तिकडे फिरवली, मग खुर्ची मागे घेत विचारलं, “आजी, उन्हात किती वर्षं काम केलं?” आत्याला हा प्रश्न आरोपासारखा वाटला असावा. “उन्हात कुठची बाप्पा! डोक्श्यावर पदर राहेच नं माह्या. अन् मे मईन्यात तं आमी दुपारी घराच्या बाहीर पायच नाई काढत.” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “मे महिन्याचं नाही विचारत आजी. निंदायच्या दिवसांतलं विचारतोय. कापूस वेचायच्या दिवसांतलं.”

परतताना रिक्षात आत्या गप्प होती आणि माझ्या डोक्यातून ते वाक्य जात नव्हतं.

नागपूरच्या माणसाला ऊन शिकवायची गरज नाही, असं आपण सगळेच धरून चालतो. एप्रिल लागला की कूलरचं जुनं गवत काढून नवं भरलं जातं, माठ पाटावर येतो, कैऱ्या उकडल्या जातात. बाहेर पडताना पोरीबाळी डोळे तेवढे उघडे ठेवून दुपट्टा अशा काही गुंडाळतात की सख्ख्या आईनं ओळखू नये. खिशात कांदा ठेवणारी माणसं अजून आहेत. दुपारी बर्डीवरून चालताना खालचं डांबर चपलेला धरून ठेवतं आणि वरून येणारी झळ नाकात भाजल्या मातीचा वास सोडून जाते. संध्याकाळी एकच चौकशी असते: आज किती गेलं? चव्वेचाळीस की पंचेचाळीस? २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झाले होते, तो दिवस आम्हाला लग्नाच्या तारखेसारखा पाठ आहे. या आकड्याबद्दल आम्हाला भीती आहे आणि अभिमानही आहे. दोन्ही एकाच वेळी कसे असू शकतात हे नागपूरबाहेरच्यांना सांगून कळत नाही. पण हा सगळा शहाणपणा तापमानाचा आहे. अंगाला जे चटकन कळतं त्याचा आहे. डॉक्टर ज्याबद्दल विचारत होते ते अंगाला कळतच नाही.

आत्याचं वर्ष डोळ्यांपुढे आणून पाहिलं. काटोलकडचं गाव, थोडी संत्र्याची झाडं, बाकी वावरात पऱ्हाटी आणि तूर. मे महिन्यात ती पहाटे काय ते काम उरकायची आणि दहाच्या आत घरात. दार लोटलेलं, जमीन शेणानं सारवलेली, खिडकीला ओलं पोतं. लहानपणी सुट्टीत आम्ही तिथं असायचो तेव्हा त्या अंधाऱ्या गारव्यात तिच्याजवळ पडून राहायचो. उन्हात गेलं की रागवायची. मृग बरसला की हीच बाई दिवसभर वावरात. आषाढ-श्रावणात निंदण, भादव्यात पुन्हा निंदण, दसऱ्याच्या आगेमागे पहिली वेचणी, आणि मग पार पौषापर्यंत कमरेला ओटी बांधून बोंडांत हात. ढग फाटले की वरून ऊन पडायचं ते धुतलेल्या आभाळातून. हवा गार, वारा सुखाचा. अशा उन्हाबद्दल कोणी कुणाला रागवत नाही. घरात बसायचा महिना तिनं घरात काढला आणि बाकीचं वर्ष उघड्यावर. डॉक्टरांना नेमकं तेच दिसलं होतं. ते म्हणाले, धूळ आणि वाराही कारण असतात, पण पहिलं कारण सूर्याचं अतिनील, म्हणजे डोळ्याला न दिसणारे अल्ट्राव्हायोलेट (यूव्ही) किरण.

विज्ञानाच्या इतिहासातली एक गोष्ट इथं मला फार जवळची वाटते. १८०० साली विल्यम हर्शेलनं सूर्यप्रकाश लोलकातून पाडून त्या रंगांच्या पट्ट्यात थर्मामीटर ठेवून पाहिले. तांबड्याच्या पलीकडे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथं पारा सगळ्यात जास्त चढला. पुढच्याच वर्षी जर्मनीत योहान रिटरनं दुसऱ्या टोकाला शोध घेतला. तिथं थर्मामीटरचा उपयोग नव्हता. त्यानं सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद धरला, आणि जांभळ्याच्या पलीकडच्या अंधारात तो कागद सगळ्यात लवकर काळा पडला. एक किरण पारा चढवतो, दुसरा पाऱ्याला शिवत नाही पण रसायन बदलतो; तोच हा अतिनील. आम्ही नागपूरकर दोनशे वर्षांनंतरही सूर्याला फक्त हर्शेलच्या टोकानं ओळखतो.

शाळेत असताना आम्हाला सोनेगावच्या वेधशाळेत नेलं होतं. विमानतळाच्या बाजूचं ते मोकळं गवताळ आवार, तारेचं कुंपण, आणि मधोमध चार पायांवर उभी पांढरी लाकडी पेटी, चारी बाजूंनी तिरप्या फळ्यांची. हवा आत-बाहेर जावी पण ऊन आत येऊ नये म्हणून ती तशी. दार उत्तरेकडे, कारण दार उघडल्यावरही थर्मामीटरवर ऊन पडायला नको. ही रचना थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृहं बांधणाऱ्या अभियंत्याची, म्हणून ती पेटी जगभर त्याच्या नावानं ओळखली जाते. तिथल्या काकांनी सांगितलं होतं, की आम्ही सावलीतल्या हवेचं तापमान मोजतो, उन्हाचं नाही. सगळी मुलं हिरमुसली, कारण आम्हाला उन्हाचंच हवं होतं. मग त्यांनी आम्हाला दुसरीकडे नेलं. एका चौथऱ्यावर भिंगासारखा नितळ काचेचा गोळा, मुठीत मावणार नाही एवढा, आणि त्याच्यामागे वाकवलेल्या पट्टीत एक जाड कार्ड. सूर्य सरकतो तसा गोळ्यातून एकवटलेला ठिपका कार्डावर सरकतो आणि ते जाळत जातो. दिवस मावळल्यावर कार्ड काढायचं, नवं घालायचं. त्यांनी एक जुनं कार्ड आमच्या हातात दिलं होतं. तासांच्या खुणा छापलेल्या, त्यावरून धावणारी तपकिरी-काळी जळकी रेघ, कडांना किंचित उठलेली, नाकाशी नेल्यावर अजून जळल्याचा वास. मध्येच रेघ तुटली होती. “इथं ढग आला होता,” काका म्हणाले. एका गेलेल्या दुपारी नागपूरवरून सरकलेला ढग माझ्या बोटाखाली होता. हवामान नोंदवणं म्हणजे काय हे मला त्या रिकाम्या जागेनं जे शिकवलं ते पुढे कोणत्याही पुस्तकानं शिकवलं नाही.

अशी उपकरणं आपल्याकडे घडवायला लावणारी बाई महाराष्ट्रात बसून काम करत होती, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. अ‍ॅना मणी मूळ केरळच्या. बंगळुरूत सी. व्ही. रमण यांच्या हाताखाली संशोधन केलं आणि १९४८ मध्ये हवामान खात्याच्या पुण्याच्या उपकरण विभागात आल्या. परदेशातून येणाऱ्या उपकरणांवर अवलंबून राहायचं नाही म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांची रेखाचित्रं प्रमाणित केली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्तानं देशभर सौर प्रारण (सूर्याकडून येणारी ऊर्जा) मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं, पुढे फुग्याबरोबर वर जाऊन ओझोन मोजणारं यंत्र भारतात बनवून घेतलं. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेलं बरं, असं त्या म्हणत. रमण स्वतः १९१० च्या सुमारास काही काळ अर्थखात्याच्या नोकरीत नागपुरात होते आणि आपलं विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं आहे. त्यांच्या या विद्यार्थिनीचं नाव मात्र आमच्या शाळेत कधी ऐकू आलं नाही. आजच्या मुलींच्या कानावर ते पडावं असं मला मनापासून वाटतं.

३० मे २०२४ ला मणींची आठवण झाली. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर चक्क ५६ अंशांची नोंद झाली आणि तासाभरात सगळ्या फोनांवर तीच बातमी. शेजारच्या काकूंनी फोन दाखवत घाबऱ्याघुबऱ्या विचारलं होतं, आता काय होणार? इतर काही केंद्रं त्या दिवशी पंचेचाळीसच्या आगेमागे होती. हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं स्पष्ट केलं. पण तोवर तो आकडा जगभर पोचला होता. एक यंत्र चुकलं हे कळलं कसं? कारण आजूबाजूला दुसरी यंत्रं होती, जुन्या नोंदी होत्या, रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला जाऊन वाचणारी माणसं होती. दीडशे वर्षांच्या वह्या पाठीशी असल्यावरच एखाद्या आकड्याला खोटं म्हणता येतं. अतिनीलच्या बाबतीत आपल्या हाताशी असं काही नाही.

आहे तो फोनमधला एक कोपरा. हवामानाच्या पानावर तळाशी ‘यूव्ही’ आणि पुढे एक आकडा. हा निर्देशांक मूळ कॅनडाचा, १९९२ चा, नंतर जागतिक आरोग्य संघटनेनं आणि जागतिक हवामान संघटनेनं तो सगळ्या जगासाठी घेतला. दोनपर्यंत कमी, तीनपासून काळजी घ्यायला सुरुवात, आठपासून अति, अकरा आणि त्यावर अत्यंत तीव्र. कातडी भाजण्याच्या क्षमतेनुसार प्रत्येक तरंगलांबीला वजन देऊन तो बेतलेला आहे. आपल्या फोनवरचा आकडा बहुतेक वेळा हिशेबानं काढलेला असतो: सूर्य किती उंचावर आहे, उपग्रहाला ओझोन किती दिसला, ढगांचा अंदाज काय. जिथं उभे आहोत तिथं कोणी मोजलेलं नसतं. केंद्र सरकारच्या ‘सफर’ प्रकल्पानं पुणे, मुंबई, दिल्ली आणि अहमदाबादसाठी हवेच्या प्रतीबरोबर अतिनील निर्देशांकही द्यायला घेतला. केरळात तर राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्याजिल्ह्यांत यंत्रं बसवून इशारे द्यायला सुरुवात केली आहे. उष्णतेनं ओळखल्या जाणाऱ्या आपल्या शहराच्या पेपरात मात्र कमाल, किमान, आर्द्रता, सूर्योदय, सूर्यास्त एवढंच छापून येतं. त्या ओळीत आणखी एका आकड्याला जागा आहे.

आणि आपल्याला या आकड्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, हे मला गच्चीवर कळलं.

नवतपा, म्हणजे मेअखेरीचे नऊ तापाचे दिवस, लागला की २६ मेच्या आसपास नागपूरवर सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मागच्या वर्षी इमारतीतली पोरं गोळा केली, गच्चीत पाण्याच्या टाकीजवळ एक सरळ पाइपाचा तुकडा उभा केला, पायाखाली ओलं गोणपाट टाकलं. बाराच्या ठोक्याला पाइपाची थोडीशी सावली पश्चिमेला होती. ती बघता बघता आखूड होत गेली, आणि बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास पाइपाच्या तोंडातून ऊन सरळ तळाशी गेलं. आत गोल उजेड पडला, बाहेर सावली शून्य. पोरं ओरडली. गोणपाट तोवर कोरडं पडत आलं होतं आणि पायांना चटके बसायला लागले होते, तरी कोणी हलेना. पोरांना मी सांगितलं, की आजपासून दीड-पावणेदोन महिने दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असेल आणि जुलैच्या मध्यावर परतताना पुन्हा असाच डोक्यावरून जाईल. एक पोरगी म्हणाली, “पण तेव्हा तर पाऊस असेल, कोण बघेल?” तिचं म्हणणं खरं आहे. कोणी बघत नाही. जुलैमध्ये तापमान तिशीत असतं, आभाळ भरलेलं असतं, आणि वर सूर्य मेइतकाच उभा असतो. पातळ ढगांतून अतिनील बऱ्यापैकी आरपार येतं. ढग तुटक असले तर त्यांच्या पांढऱ्या कडांवरून परतणारा प्रकाश मिळून काही क्षण ते निरभ्र दिवसापेक्षाही वाढतं. शिवाय विषुववृत्ताकडच्या पट्ट्यात अतिनील अडवणारा ओझोनचा थर मुळातच पातळ असतो, त्याला अंटार्क्टिकावर भोक पडावं लागत नाही. भादव्यात आभाळ मोकळं झालं की आपल्याकडे दुपारचा निर्देशांक दहा-अकराच्या घरात जातो, आणि तेव्हा लोक म्हणतात, काय छान हवा पडलीय.

मग डिसेंबरचं गणित मांडलं. नागपूर २१ अंशांच्या थोडं वर आहे, सूर्य दक्षिणेला जास्तीत जास्त साडेतेवीस अंश जातो. दोन्हींची बेरीज पंचेचाळीसला जरा कमी. याचा अर्थ वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीही, ऐन दुपारी, आपल्या सपाट अंगणात माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा लांब होत नाही. आरोग्य संघटना साधा नियम सांगतात, की सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर अतिनील जोरात आहे. लंडनमध्ये हा नियम उन्हाळ्यापुरता आहे. नागपुरात दुपारी तो बारा महिने लागू आहे. मी हे कागदावर परत परत करून पाहिलं, आणि संक्रांतीच्या सुमारास गच्चीत ऊन खात बसलेले आम्ही सगळे डोळ्यांपुढे आले. तिळाच्या वड्या, सोललेली संत्री, पाठीला ऊन, मांडीवर पेपर. त्या सुखाविरुद्ध एक शब्द लिहायची माझी इच्छा नाही.

आणि लिहिण्याचं कारणही नाही, कारण याच किरणांची दुसरी बाजू तेवढीच खरी आहे. अतिनीलच्या ‘ब’ पट्ट्यातले किरण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतात. माझ्या मैत्रिणीची मुलगी एसी कार्यालयात कामाला आहे, सकाळी अंधारात निघते, संध्याकाळी अंधारात परतते. तिची हाडं दुखायला लागली तेव्हा तिच्या डॉक्टरांनी तिला उन्हात बसायला सांगितलं. ती खिडकीच्या बंद काचेतून येणाऱ्या उन्हात बसायची, पण काच नेमका तो पट्टा अडवते आणि सुरकुत्या आणणारा ‘अ’ पट्टा आत सोडते. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायची आपली पद्धत मायेची आहे, उबेची आहे, पण सूर्य तेवढा खाली असताना त्यात ड जीवनसत्त्वापुरतं फारसं काही नसतं. सावली माणसाहून लांब असेपर्यंत नुकसान कमी आणि लाभही कमी, आखूड झाली की दोन्ही वाढतात. आपली सावळी कातडी बऱ्याच अंशी कातडीची राखण करते आणि म्हणून ड जीवनसत्त्वाला वेळही जास्त घेते. डोळ्याला मात्र तसं कवच नाही. बुबुळावर वाढणारं मास काय किंवा मोतीबिंदूचा एक हिस्सा काय, गोरं-काळं बघून येत नाही. म्हणून ‘ऊन वाईट’ आणि ‘ऊन औषध’ ही दोन्ही वाक्यं मला सारखीच अपुरी वाटतात. किती, केव्हा, कुणाला, हे विचारलं की हातात आकडा लागतो.

ज्यांना आकड्यावर विश्वास नाही त्यांनी गच्चीवरचे कपड्यांचे चिमटे बघावेत. नवे असताना लाल-निळे, बोटाला गुळगुळीत. दोराला लावून ठेवले की वर्षभरात पांढुरके, खरखरीत, आणि एक दिवस ओला टॉवेल टांगताना चिमटा हातात मोडून त्याचा भुगा पडतो. हा भुगा बहुधा पावसाळ्यानंतर किंवा थंडीत पडतो, जेव्हा तापमानाला दोष देता येत नाही. अतिनील प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडत जातं. शेजारी पाण्याची काळी टाकी तितकीच वर्षं त्याच उन्हात टणक उभी असते, कारण तिच्या प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते आणि काजळी ते किरण स्वतःवर घेते. एकाच गच्चीवर दोन्ही उदाहरणं आहेत.

पोळा झाल्यावर गावी गेले. आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आहे, ती ओसरीत बसून तुरीची डाळ निवडत होती. तिची सून, म्हणजे माझी वहिनी, वावरात होती, म्हणून मी तिकडे गेले. आठ-दहा बाया ओळीत बसून पऱ्हाटीतलं निंदत होत्या. साडीवर नवऱ्याचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट, डोक्याला फडकं, हात मातीनं काळे. शर्टाची ही रीत त्यांची त्यांनी काढलेली आहे, कुठल्याही आरोग्य मोहिमेनं सांगितलेली नाही, आणि हातांपुरती ती अगदी बरोबर आहे. तोंडं मात्र उघडी. फडकं कपाळापर्यंत येतं, डोळ्यांवर सावली पडत नाही. वर निळंशार आभाळ, वाऱ्याला ओल्या मातीचा वास. फोन काढून पाहिला, निर्देशांक दहा होता.

धुऱ्यावरच्या बाभळीखाली त्या जेवायला बसल्या तेव्हा मी त्यांना सावलीचा नियम सांगितला. वहिनी म्हणाली, “ते ठावं आहे नं ताई. सावली पायाखाली आली का आमी भाकर खायाले बसतोच.” मला फार आनंद झाला. मग मी विचारलं, दुपारी असं बसण्याऐवजी सकाळी लवकर येऊन बाराला घरी गेलं तर? माझ्याकडे सगळ्यांनी एकदमच पाहिलं. “अकराले येतो, पाचले सुटतो. सकाळी सहाले वावरात याव तं सैपाक कोन करीन? पानी कोन भरीन? पोरायचे डबे?” दुसरी म्हणाली, रोजी तेवढ्या तासांचीच असते. बायांच्या रोजीची वेळ घरचं काम उरकल्यावर सुरू होते, आणि ती वेळ म्हणजे सावली सगळ्यात आखूड असते तीच. माझ्याजवळ याचं उत्तर नव्हतं. पेपरात आकडा छापून आला तरी या बायांना तो वाचून घरी थांबता येणार नाही. तरीही तो आकडा हवा, असं मला तिथं बसल्या बसल्या आणखीच वाटलं. उष्णतेच्या लाटेचा इशारा निघतो म्हणून मेमध्ये कामाच्या वेळा बदलायचे आदेश निघतात, रोजगार हमीच्या कामावर सावलीचा मांडव घालायला लावता येतो. ज्याचा इशारा निघत नाही त्यासाठी कोणाकडे काही मागताच येत नाही.

माझ्या पिशवीत रुंद काठाची एक सुती टोपी होती. वहिनीला दिली. तिनं ती फडक्यावरून घातली, काठ पुढे ओढला, आणि सावली नाकाच्या शेंड्यापर्यंत आली. बाकीच्या खूप हसल्या. एकीनं मागून घेतली, घालून वाकून पाहिलं, निंदताना पडते का ते बघितलं, आणि मग मला म्हणाली, “वाकलं का सरकते हे. खाली नाडी पायजे. अन् पांढऱ्या नोका आनजा ताई, मयतेत लवकर. गडद निया आनजा, नाई तं काया. माह्या एकटीले नोको, समद्यायले आनजा.”